‘गुण आला’ : राजयक्ष्म्याच्या चिकित्सेची परीक्षा

आमच्या संग्रहीं वैद्यकाचें एक बाड आहे. पूर्वार्ध मोडींत, उत्तरार्ध बाळबोधींत. अक्षरवळणावरून लिहिणार दोन, बहुधा बाप व लेक. शेवटचीं कांहीं पानें वाळवीनें खाल्लीं आहेत. काढे, चूर्णें, भस्में यांचे पाठ दिले असून बहुतेक पाठांखालीं तें औषध कोणास दिलें, कधीं दिलें व पुढें काय झालें याच्या एकदोन ओळी आहेत. उत्तरार्धांत एके ठिकाणीं माघ शके १८६५ ची, म्हणजे इ. स. १९४४ च्या आरंभींची, एक नोंद आहे. तिचा आशय असा : बावीस वर्षांची मुलगी, ज्वर, कास, थुंकींतून रक्त, सुवर्णमालिनीवसंत व सितोपलादि दिलें, वर शेळीचें दूध, गुण आला.

ही मुलगी म्हणजे आमच्या तीर्थरूपांची थोरली बहीण होय. आम्ही तिला पाहिलें नाहीं. आमच्या घरीं तिथींची जी वही आहे तींत तिची तिथि श्रावण वद्य नवमी, शके १८६६ अशी लिहिली आहे. माघ ते श्रावण हे अवघे सहा महिने. दोन्ही कागद अस्सल, दोन्ही समकालीन. लिहिणाऱ्या दोन्ही हातांस खोटें लिहिण्याचें कांहींएक कारण नव्हतें. तरी एक कागद ‘गुण आला’ म्हणतो, आणि दुसरा मुलगी गेल्याचें सांगतो. बाडांत त्या नोंदीखालीं पुढें कांहींहि लिहिलेलें नाहीं.

असा विरोध दोन राजकीय पत्रांत आढळला असता तर आपण त्यावर वर्षभर वाद घातला असता. वैद्यकाच्या बाडाकडे मात्र आपण पाठ, भाषा व लेखनकाल यांसाठींच पाहतों. त्यांतील ‘अनुभविक’, ‘सिद्ध’, ‘गुण आला’ या शब्दांचें प्रामाण्य किती, हें विचारीत नाहीं. तो प्रश्न विचारण्याची रीत फुप्फुसाच्या रोगाच्या निमित्तानेंच पूर्णत्वास गेली, व तिचाहि एक इतिहास आहे. तो येथें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे. आम्ही वैद्य नव्हों. संस्कृताचे शिक्षक होतों. प्रमाण म्हणजे काय, एवढ्यापुरताच आमचा अधिकार.

राजयक्ष्मा हा आपल्या वाङ्मयाचा जुना परिचित आहे. यक्ष्म हा शब्द अथर्ववेदांत वारंवार येतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आठवा अध्याय या रोगास वाहिलेला आहे. सुश्रुतानें उत्तरतंत्राच्या एकेचाळिसाव्या अध्यायांत शोष या नांवानें त्याचा विचार केला आहे. दक्षाच्या कन्यांपैकीं एकट्या रोहिणीवर आसक्त झालेल्या चंद्रास हा रोग जडला, म्हणून तो राजाचा यक्ष्मा, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्या कथेंतील मर्म असें कीं चंद्र क्षीण होतो व पुन्हां भरतो. या रोगाचा स्वभावच तसा आहे. ज्वर उतरतो, अन्नावर रुचि येते, वजन वाढतें, घरचीं माणसें देवाला नारळ देतात. आणि पुढच्या पावसाळ्यांत रोग पुन्हां वर येतो. मध्यंतरीं जें औषध चालूं असेल त्याला यश मिळतें.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस हा रोग निराळा सांगावयास नको. कार्तिक वद्य अष्टमी शके १६९४, म्हणजे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं, थेऊर येथें माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षीं क्षयानें वारले. त्यांच्या आजाराच्या वार्ता कालानुक्रमें लावून पाहिल्या म्हणजे चढउतारांचा तोच क्रम दिसतो. पुढें एकशेंचौदा वर्षांनीं, १८८६ सालीं, फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेऊन आनंदीबाई जोशी परतल्या, त्या हाच रोग घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. वय एकवीस. पेशव्याचें ऐश्वर्य किंवा पश्चिमेची विद्या, दोहोंपैकीं कशाचाहि उपयोग झाला नाहीं.

चरकानें सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायांत परीक्षेचे चार प्रकार सांगितले आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ति. ही मांडणी थोर आहे. पण वैद्याच्या व्यवहारांत या चारांची किंमत सारखी राहिली नाहीं. गुरूनें सांगितलें हा आप्तोपदेश, आणि मीं दिलें व गुण आला हें प्रत्यक्ष, एवढ्यावर बहुतेक काम भागत असे. नैयायिक येथें आडवा येईल. औषधानंतर बरें वाटलें म्हणून औषधानें बरें वाटलें, असें म्हणणें हा काकतालीय न्याय होय. कावळा बसण्यास आणि ताडफळ पडण्यास एक गांठ पडली, इतकेंच. कार्यकारणभाव ठरविण्यास अन्वय पाहिजे व व्यतिरेकहि पाहिजे. औषध दिलें तेथें गुण आला, हा अन्वय; औषध दिलें नाहीं तेथें गुण आला नाहीं, हा व्यतिरेक. बाडांत व्यतिरेक कोणी लिहीत नाहीं, कारण ज्याला औषध दिलें नाहीं त्याची नोंद करण्याचें वैद्यास प्रयोजन काय ?

हा दोष केवळ आपल्याच वैद्यांचा होता असें नाहीं. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यानें क्षयाचा जंतु शोधून काढल्याचें जाहीर केलें, आणि त्याची कीर्ति दिगंत झाली. आठ वर्षांनीं, १८९० सालीं, त्याच कॉखनें क्षयावर उतारा सांपडल्याचें सूचित केलें. तो ट्यूबर्क्युलिन नांवाचा द्रव होय. त्याची घटना प्रथम गुप्त ठेविली होती. बर्लिनकडे रोग्यांची रीघ लागली. परंतु १८९१ च्या आरंभींच फिरशो यानें शवपरीक्षेवरून दाखविलें कीं त्या द्रवानें रोग कित्येकांत उलट पसरला होता. आप्त एवढा थोर, आणि उपदेश चुकीचा. पुढें हाच द्रव रोगाचा संसर्ग ओळखण्याच्या कामीं आला. १९०७ सालीं पिर्के व १९०८ सालीं मांतू यांनीं त्याच्या कातडीवरील परीक्षा बसविल्या. चिकित्सा म्हणून जें फसलें तें निदान म्हणून टिकलें.

यानंतर सुवर्णाची पाळी आली. आमच्या बाडांतील सुवर्णमालिनीवसंत वाचून ज्यांस हंसूं येईल त्यांनीं पुढील हकीकत ध्यानांत ठेवावी. १९२० नंतरच्या दशकांत कोपनहेगन येथील म्योलगार्ड यानें सॅनोक्रायसिन नांवाचें सुवर्णाचें लवण क्षयावर टोंचण्याचें सुरूं केलें, व युरोप-अमेरिकेंत त्याचा मोठा गाजावाजा झाला. सुवर्णभस्म आणि हें लवण एक नव्हेत. पण ‘दिलें आणि गुण आला’ हा पुरावा दोहोंचाहि एकच. १९३१ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइटजवळच्या एका आरोग्यधामांतील अँबरसन, मॅकमेहन व पिनर या तिघांनीं निराळीच रीत योजिली. चोवीस रोगी घेऊन त्यांचे शक्य तितके सारखे असे बारा-बारांचे दोन गट केले. कोणत्या गटास सुवर्ण द्यावयाचें हें त्यांनीं आपल्या मनानें ठरविलें नाहीं, नाणें उडविलें. दुसऱ्या गटास ऊर्ध्वपातित पाणी टोंचलें, व कोणास काय मिळालें हें रोग्यांस कळूं दिलें नाहीं. निष्पत्ति अशी झाली कीं सुवर्णानें लाभ दिसला नाहीं, विषबाधेचीं लक्षणें मात्र दिसलीं. त्या नाण्याचा पूर्वीच्या शेंकडों प्रशस्तींहून अधिक उपयोग झाला.

नाण्याचें प्रयोजन काय, हें आपल्या वाचकांस एका परिचित उदाहरणानें सांगतों. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति हातीं घेतली. सुकथनकरांनीं सिद्ध केलेलें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें व सर्व काम १९६६ सालीं तडीस गेलें. त्या कामाचा पहिला नियम असा कीं संपादकास आवडला म्हणून पाठ घ्यावयाचा नाहीं. पाठ कसा निवडावयाचा याचे नियम आधीं ठरवावयाचे, आणि मग ते नियम नेतील तिकडे, मन दुखावलें तरी, जावयाचें. वैद्याचें मनहि असेंच निवड करीत असतें. जो रोगी बरा होईलसें वाटतें त्याला तो नवें औषध देतो. जो हाताबाहेर गेला त्याला देत नाहीं, किंवा दयेपोटीं उलट करितो. दोन्ही रीतींनीं तुलना बिघडते. दैवाच्या हातीं वांटणी दिली म्हणजे वैद्याच्या आवडीनिवडीस, भीतीस आणि दयेस तींत शिरण्यास फट उरत नाहीं.

ही रीत पूर्ण शास्त्रशुद्ध रूपांत प्रथम प्रसिद्धीस आली ती इंग्लंडांत. १९४३ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील रटगर्स येथें वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शाट्झ यांस मातींतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसीन हें द्रव्य मिळालें, व जानेवारी १९४४ मध्यें तें जाहीर झालें. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. आमच्या बाडांतील माघांतली नोंद आणि हें प्रकाशन एकाच सुमाराचें आहे. अटलांटिकापलीकडे प्रयोगशाळेच्या कुपींत जें होतें तें कोंकणांतल्या माजघरापर्यंत येण्यास काळ लागणार होता, आणि आमच्या आत्येजवळ तेवढा काळ नव्हता.

मेयो क्लिनिकमधील फेल्डमन व हिनशॉ यांनीं हें औषध गिनीपिगांवर व मग माणसांवर वापरून पाहिलें, तेव्हां आशा उत्पन्न झाली. महायुद्धानें खंगलेल्या ब्रिटनजवळ डॉलर थोडे व म्हणून औषधहि थोडें होतें. मागणारे मात्र असंख्य. तेथील वैद्यकीय संशोधन मंडळानें जेफ्री मार्शल यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. फिलिप डार्सी हार्ट हे चिटणीस. कामाची जुळणी मार्क डॅनियल्स यांजकडे. आणि संख्याशास्त्राचा भार ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांजवर. हिल यांस स्वतःस पहिल्या महायुद्धांत वैमानिक असतांना फुप्फुसाचा क्षय झाला होता. त्यामुळें त्यांचें डॉक्टर होण्याचें राहिलें, आणि दीर्घ आजारानंतर ते संख्याशास्त्राकडे वळले. ज्या रोगानें त्यांस वैद्यकांतून बाहेर काढलें त्याच रोगाच्या चिकित्सेस त्यांनीं नियम घालून दिला.

योजना अशी. दोन्ही फुप्फुसांत झपाट्यानें वाढणारा क्षय असलेले, ज्यांवर फुप्फुस दाबून ठेवण्याचा तेव्हांचा उपाय लागूं पडण्यासारखा नाहीं, असेच तरुण रोगी घ्यावयाचे. अशा १०७ जणांपैकीं ५५ जणांस औषध व अंथरुणांत विश्रांति, आणि ५२ जणांस केवळ विश्रांति मिळाली. कोणता रोगी कोणत्या गटांत, हें हिल यांनीं यदृच्छ अंकांच्या कोष्टकावरून आधींच ठरवून बंद पाकिटांत घातलें होतें. रोगी योग्य आहे असा निर्णय झाल्यावरच त्याचें पाकीट फोडावयाचें. तोंवर आंत काय आहे हें रोगी घेणाऱ्या वैद्यासहि ठाऊक नसे. पुढें क्ष-किरणांचीं चित्रें वाचण्याचें काम तिघां तज्ज्ञांनीं परस्परांपासून अलग राहून केलें, व चित्र कोणत्या गटांतील रोग्याचें आहे हें त्यांस सांगितलें नव्हतें. मोडी पत्र दोघां जाणत्यांस निरनिराळें वाचावयास देऊन मग वाचनें ताडून पाहावीं, तशीच ही रीत.

३० ऑक्टोबर १९४८ रोजीं निकाल ब्रिटिश मेडिकल जर्नलांत छापला गेला. सहा महिन्यांच्या अखेरीस औषध घेतलेल्या ५५ पैकीं ४ मेले. विश्रांतीवर ठेविलेल्या ५२ पैकीं १४ मेले. छातीच्या चित्रांत मोठी सुधारणा पहिल्या गटांत शेंकडा ५१ व दुसऱ्यांत शेंकडा ८ जणांच्या ठायीं दिसली. त्या शेंकडा ८ कडे आमचें लक्ष वारंवार जातें. औषधाचा कण पोटांत न जातां हीं माणसें चांगलीं सुधारलीं. तीं एखाद्या वैद्याच्या हातीं असतीं, तर प्रत्येकाखालीं ‘गुण आला’ अशी ओळ पडली असती, आणि ती ओळ खरीहि असती.

येथें पूर्वपक्षी उठून म्हणेल : हातीं औषध असतांना बावन्न जणांस तें नाकारणें हें निर्दयपणाचें नव्हे काय ? त्या बावन्नांस आपण तुलनेसाठीं आहों हेंहि सांगितलें नव्हतें. आक्षेप हलका नाहीं, व तो हलका करण्याचा आमचा हेतु नाहीं. उत्तर दोन अंगांनीं आहे. एक, औषध सर्वांस पुरण्यासारखें नव्हतेंच. कोणास द्यावें हें वशिल्यानें ठरण्यापेक्षां पाकिटानें ठरणें अधिक न्याय्य होतें. मेंदूच्या आवरणाचा क्षय झालेल्यांस, कीं जे औषधावांचून हमखास मरत, त्यांस तुलनेच्या गटांत घातलें नव्हतें; त्यांस औषध दिलें. दुसरें, त्या काळीं औषध गुणकारी आहे हें कोणास निश्चित ठाऊक नव्हतें. सुवर्णलवणाच्या वेळीं औषध न मिळालेलेच सुदैवी ठरले होते. न सांगण्याचा दोष मात्र उरतोच. १९४७ सालची न्युरेंबर्गची संहिता व १९६४ सालचें हेलसिंकीचें प्रतिज्ञापत्र यांनंतर रोग्याची समजून दिलेली संमति ही अट झाली, तें योग्यच झालें.

या परीक्षेचा दुसरा धडा पहिल्याहून कठीण आहे. औषध चालूं असतांनाच जंतु त्यास दाद देईनासे झाले. कित्येक रोगी प्रथम सुधारले व मग ढासळले. पांच वर्षांनीं मोजदाद केली तेव्हां औषधाच्या गटांतील ५५ पैकीं ३२ व दुसऱ्या गटांतील ५२ पैकीं ३५ मृत झाले होते. सहा महिन्यांचें चित्र आणि पांच वर्षांचें चित्र यांत केवढें हें अंतर ! आमच्या बाडांतील दोष लंडनच्या प्रयोगांतहि संभवत होता. भेद इतकाच कीं लंडनकरांनीं वही मिटली नाहीं. त्यांनीं पुढें काय झालें तें लिहिलें, आणि तें लिहिलें म्हणूनच उपाय सुचला. स्वीडनांतील लेमान यांनीं शोधलेलें पॅस हें दुसरें औषध स्ट्रेप्टोमायसीनच्या जोडीस दिल्यास जंतूंचा प्रतिकार पुष्कळसा टळतो, हें त्याच रीतीच्या परीक्षेनें सिद्ध झालें. १९५२ सालीं आयसोनिआझिड आलें. औषधें जोडीनें द्यावयाचीं, हा नियम तेव्हांपासूनचा.

आतां प्रश्न आपल्या देशाचा. रोगी लाखों, आरोग्यधामांतील खाटा कांहीं हजार. आरोग्यधामांत स्वच्छ हवा, विश्रांति, दूध, अंडीं. घरीं चाळीची खोली व अर्धपोटी जेवण. औषध घरीं घेऊन रोगी बरा होईल काय, आणि घरच्या मुलाबाळांस रोग देईल काय, या शंकेवर कुटुंबेंच्या कुटुंबें उध्वस्त होत होतीं. कर्ता पुरुष वर्षभर आरोग्यधामांत राहिला तर मागें चूल कशी पेटावी ? हा प्रश्न सोडविण्यास १९५६ सालीं मद्रास येथें क्षय-औषधोपचार केंद्र स्थापन झालें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश मंडळ यांचा तो संयुक्त उद्योग. प्रथम संचालक वॉलेस फॉक्स. आज ती संस्था राष्ट्रीय क्षय संशोधन संस्था या नांवानें चेन्नईस नांदत आहे.

तेथें १९३ गरीब रोग्यांची यदृच्छेनें घरीं व आरोग्यधामीं अशी वांटणी केली. औषधें दोहोंकडे तींच, आयसोनिआझिड व पॅस, एक वर्षपर्यंत. १९५९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला : वर्षाअखेर घरच्या गटांत शेंकडा ८६ व आरोग्यधामाच्या गटांत शेंकडा ९२ जणांचा रोग जंतूंच्या दृष्टीनें शमला होता. आरोग्यधामांतील जेवण उघडच चांगलें होतें, विश्रांति अधिक होती. घरचे रोगी निकृष्ट अन्नावर, कित्येक काम करीत, बरे झाले. घरांतील माणसांस रोग होण्याचें प्रमाणहि घरीं उपचार केल्यानें वाढलें नाहीं. जगांतील आरोग्यधामांचे दरवाजे पुढें जे बंद झाले त्यांस मोठें कारण हा निबंध होय. आपल्या देशांत, गरिबांच्या घरीं, मिळालेला हा पुरावा श्रीमंत देशांनीं मानला, ही गोष्ट इतिहासकारांनीं नोंदून ठेवण्यासारखी आहे.

प्रतिकूल निकाल छापण्याचें धैर्यहि याच प्रांतानें दाखविलें. मद्रासजवळच्या चिंगलपेट जिल्ह्यांत १९६८ सालीं बी. सी. जी. लशीची मोठी परीक्षा सुरूं झाली. अडीच लाखांहून अधिक माणसें तींत होतीं. लस आधींपासून देशभर टोंचली जात होती. १९७९ सालीं निष्कर्ष आला कीं मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिनें तेथें संरक्षण दिलें नाहीं. निकाल कोणासहि आवडला नाहीं, तरी तो दडविला गेला नाहीं.

औषधाप्रमाणेंच निदानाचीहि परीक्षा घ्यावी लागते. लेनेक यानें १८१६ सालीं पॅरिसांत स्टेथॉस्कोप योजिला व १८१९ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. १८२६ सालीं तो स्वतः क्षयानेंच वारला. १८९५ सालीं राँटगेन यांचे किरण आले, आणि आतां छातींतील रोग डोळ्यांनींच दिसणार असें लोकांस वाटलें. परंतु १९४७ सालीं अमेरिकेंत बर्केलो व त्यांचे सहकारी यांनीं तींच चित्रें अनेक तज्ज्ञांस वाचावयास दिलीं, तेव्हां त्यांचीं वाचनें जुळेनात. एवढेंच नव्हे, तर त्याच तज्ज्ञाचें पहिलें व दुसरें वाचनहि सर्वत्र जुळेना. मोडीवाचकांस याचा विस्मय वाटूं नये.

निदानाच्या परीक्षेचा एक चांगला नमुना मुंबईशीं संबद्ध आहे. थुंकींतील जंतूंचें बीज व त्यांचा रिफँपिसीन या औषधास होणारा प्रतिकार दोन तासांच्या आंत ओळखणारें यंत्र निघालें. लिमा, बाकू, केप टाऊन, दरबान व मुंबई येथील १७३० रोग्यांवर त्याची परीक्षा होऊन २०१० सालीं निकाल प्रसिद्ध झाला. प्रमाण म्हणून जंतूंची वाढ करून पाहण्याची जुनी, संथ रीत धरिली होती. ज्यांच्या थुंकींत सूक्ष्मदर्शकानें जंतु दिसत होते त्यांपैकीं शेंकडा ९८.२ एकाच चाचणींत सांपडले. दिसत नव्हते त्यांपैकीं शेंकडा ७२.५; आणि ज्यांस रोग नव्हता त्यांपैकीं शेंकडा ९९.२ जणांस यंत्रानें निरोगी म्हटलें. दोन्ही बाजूंची मोजणी केली हें महत्त्वाचें. याच्या उलट, रक्तावरून क्षय ओळखण्याच्या ज्या चाचण्या आपल्या बाजारांत मुबलक विकल्या जात, त्या अशा मोजणीस टिकल्या नाहींत. २०११ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्या वापरूं नयेत असें सांगितलें व २०१२ सालीं भारत सरकारनें त्यांवर बंदी घातली. तोंवर किती निरोगी माणसांनीं महिनोन्महिने औषधें गिळलीं असतील व किती रोगी निर्धास्त राहिले असतील !

ही परंपरा आजहि चालूं आहे. औषधांस दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वीं नऊ ते वीस महिने उपचार करीत. बेलारूस, दक्षिण आफ्रिका व उझबेकिस्तान येथें झालेल्या परीक्षेंत, जिचा निकाल २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, चार औषधांचा चोवीस आठवड्यांचा नवा क्रम सरस ठरला : प्रतिकूल निष्पत्ति नव्या क्रमांत शेंकडा ११, जुन्यांत शेंकडा ४८. आणि २०२३ सालीं झारखंडांतील परीक्षेचा निकाल आला. तेथें रोग्यांच्या घरच्या माणसांस दरमहा शिधा दिल्यानें त्यांच्यांत नवा क्षय उद्भवण्याचें प्रमाण शेंकडा ३९ नें घटलें. मद्रासनें अन्न गौण ठरविलें होतें आणि झारखंडानें मुख्य ठरविलें, असा विरोध येथें कोणी काढील. परंतु विषयच भिन्न आहेत. मद्रासचा प्रश्न औषध घेणारा रोगी बरा होतो काय हा होता. झारखंडाचा प्रश्न निरोगी माणूस आजारी पडण्याचें टळतें काय हा होता. पथ्याहारावर एवढा भर देणाऱ्या आपल्या जुन्या वैद्यांचें म्हणणें एका अंगानें खरें ठरलें. पण खरें कोणत्या अंगानें, हें मोजणीवांचून कळलें नसतें.

आतां पुन्हां बाडाकडे येऊं. त्या वैद्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्या माघांत मुलीचा ज्वर उतरला असेल, ती ओसरीवर येऊन बसली असेल, आणि त्यांनीं पाहिलें तेंच लिहिलें. श्रावणांत लिहिण्यास त्यांचा हात चालला नाहीं, किंवा त्यांस कोणी कळविलेंच नाहीं. हेतु शुद्ध असूनहि पुरावा खोटा होऊं शकतो, हें या एका ओळीनें आम्हांस जितकें शिकविलें तितकें न्यायशास्त्राच्या ग्रंथांनीं शिकविलें नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति दोन गोष्टींपुरती आहे. पहिली, वैद्यकाचें बाड हातीं आलें म्हणजे त्यांतील नांवें व मित्या उतरून घ्याव्या, आणि त्याच गांवच्या तिथींच्या वह्या, क्षेत्रोपाध्यायांचे लेख, जन्ममृत्यूचीं सरकारी पुस्तकें यांशीं त्या ताडून पाहाव्या. अशीं पन्नास बाडें ताडलीं गेलीं, तर ‘अनुभविक’ या शब्दाचा अर्थ प्रथमच कळेल. त्यांतील एखादा पाठ खरोखर गुणाचा असेल तर त्याचेंहि हित यांतच आहे. कसोटीस भिणें हें सोन्याचें लक्षण नव्हे. दुसरी, मद्राससारख्या परीक्षांचे मूळ कागद, रोग्यांचीं कार्डें, घरभेटींच्या वह्या, हे सुद्धां आतां ऐतिहासिक कागद झाले आहेत. पेशवे दप्तराइतक्याच काळजीनें ते जतन व्हावे. त्यांत ज्यांस गुण आला त्यांचीं नांवें आहेत, आणि ज्यांस आला नाहीं त्यांचींहि आहेत.

आमच्या प्रतींत त्या नोंदीखालीं अर्धें पान कोरें आहे. मूळ बाडावर लेखणी चालवूं नये हा आपला नियम आम्ही मोडला नाहीं. पण आम्हीं जी नक्कल केली आहे तींत त्या कोऱ्या जागीं, कंसांत व निराळ्या शाईनें, श्रावण वद्य नवमी शके १८६६ ही मिति घातली आहे.